ल्वारकाठची बैठक

"अहो, सगळा सपाट रस्ता. नदीकाठानं जायचं. आणि नदी जिकडे उतरते तिकडेच जायचं, म्हणजे निम्मं काम तीच करणार!"

दिवाळीच्या फराळाला बसलेले माझे साडू हे बोलले, तेव्हाच चकलीचा तुकडा घशात अडकल्याचं निमित्त करून मी उठायला हवं होतं. साडू निवृत्त झाल्यापासून लोक शेअरबाजारात लक्ष घालतात तसं शरीरात लक्ष घालून आहेत. रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकल, एकदा तर पुणे ते गोवा. मी सायकलवर शेवटचा बसलो तो कॉलेजात असताना. पण 'पुणं म्हणजे सायकलींचं शहर होतं हो' हे वाक्य मी वर्षानुवर्षं चारचौघांत वापरत आलो होतो, आणि त्या दिवशीही दोघी बहिणींच्या देखत वापरून बसलो होतो. आता माघार घ्यायची कुठल्या तोंडानं?

नदी म्हणजे ल्वार. फ्रान्समधली सर्वांत लांब, हजार किलोमीटरच्या किंचित पुढे. तिच्या सोबतीनं समुद्रापर्यंत जाणारा सुमारे 900 किलोमीटरचा सायकलमार्ग आखलेला आहे. त्यातला ब्लुआ ते तूर हा चिमुकला तुकडा आम्ही निवडला. पाच दिवस, रोज तीस-पस्तीस किलोमीटर, वाटेत राजेरजवाड्यांचे महाल, द्राक्षमळे, चीज. 'रमतगमत जायचं' असं साडू प्रत्येक मेसेजच्या शेवटी लिहीत. रमणं आणि गमणं ही दोन्ही कामं बसून करायची आहेत, आणि बसायचं कशावर, हे मात्र कोणी लिहिलं नव्हतं.

पॅरिसहून आगगाडीनं ब्लुआला उतरलो आणि भाड्याच्या सायकली घ्यायला गेलो. दोघी बहिणींनी क्षणाचाही विचार न करता बॅटरीवाल्या सायकली घेतल्या. दुकानदारानं माझ्या पोटाकडे प्रेमानं पाहत तिसरी बॅटरीवाली पुढे केली. साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "छे छे, साधी." माणसाच्या आयुष्यात असे दोन-चार शब्द असतात, ज्यांचे हप्ते पुढे फेडावे लागतात.

माझ्या आठवणीतली सायकलची सीट म्हणजे पाट होता. रुंद, चामड्याचा, खाली दोन दणदणीत स्प्रिंगा. लक्ष्मी रोडवरच्या खड्ड्यांत तो कुरकुरायचा, पण बसणाऱ्याला सांभाळून घ्यायचा. इथली सीट म्हणजे चोखून टाकलेली आंब्याची कोय. 'सुरुवात म्हणून ठीक आहे, बाकीची कुठे आहे?' असं मी दुकानदाराला हातवाऱ्यांनी विचारलं. तो हसला. फ्रेंच माणूस सहसा हसत नाही म्हणतात, तेव्हा माझा प्रश्न चांगलाच असणार.

पहिल्या दिवशी शांबॉरचा महाल. जाताना मी असा काही सुटलो की बॅटरीवाल्या दोघी मागे पडल्या. पायडल मारतोय की नाही तेही कळत नव्हतं. तीस वर्षं सरकारी खुर्चीत बसूनसुद्धा दम शाबूत आहे, या विचारानं ऊर भरून आला. परतताना कळलं, तो दम माझा नव्हता, वाऱ्याचा होता. या खोऱ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून, अटलांटिककडून येतो. शांबॉर ब्लुआच्या पूर्वेला. आणि आमची पुढची सगळी सहल पश्चिमेकडे! नदीचा उतार म्हणाल तर इथे किलोमीटरमागे फार तर हातभर. तो हातभर उतार एका बाजूला आणि अख्खा अटलांटिक महासागर दुसऱ्या बाजूला. साडूंच्या भूगोलात वारा हा धडा ऑप्शनला टाकलेला होता.

ज्यांनी तो वाचला होता ते सगळे समोरून येत होते. डच आजीआजोबा, मागच्या गाडीत पोरं बसवलेली जर्मन जोडपी. चेहऱ्यावर घामाचा थेंब नाही, आणि प्रत्येकाचं गोड "बाँजूर!" पाठीवर वारा असला की माणूस फार सुसंस्कृत होतो. मी उत्तरादाखल फक्त मान हलवायचो, कारण तोंड उघडलं की वारा आत जात होता.

शांबॉर मात्र बघावाच. 1519 साली फ्रान्स्वा पहिला या राजानं बांधायला घेतला. भोवतीचं रान 5440 हेक्टर, म्हणजे जवळपास निम्म्या पॅरिस शहराएवढं, आणि त्याला 32 किलोमीटरची भिंत. मधोमध दोन जिने एकमेकांत असे गुंफलेत की एकानं चढणारा आणि दुसऱ्यानं उतरणारा एकमेकांना खिडक्यांतून दिसतात, पण कुठेही भेटत नाहीत. साडू एका जिन्यानं गेले, मी मुद्दाम दुसऱ्यानं. एवढ्या अवाढव्य महालात राजा उभ्या कारकिर्दीत अडीच महिनेही राहिला नाही. त्या काळी दरबार सतत फिरतीवर असे आणि फर्निचर गाड्यांवर लादून बरोबर नेलं जाई, राजा गेला की महाल रिकामा. ही माहिती वाचून बाकीचे 'अरेच्चा' म्हणाले. माझ्या मनात एकच विचार आला: म्हणजे तेव्हाही इथे बसायला काही नव्हतं. आज ज्या थोड्या खुर्च्या आहेत त्यांच्यापुढे दोरी बांधलेली. लाल मखमलीची, गुबगुबीत, हातभर रुंद खुर्ची, आणि मध्ये दोरी! ययातीलासुद्धा मोह आवरावा लागला नसेल असा मोह मी आवरला.

दुसऱ्या दिवशी शॉमों. महाल टेकाडावर, रस्ता खाली नदीकाठी. चढ मी सायकल हातात धरून चढलो. बायको शेजारून बॅटरीवर सुळकन गेली आणि जाता जाता म्हणाली, "अहो, पाणी पीत राहा."

वाटेत जेवणाचा घोळ झालाच. गावात पोचलो बारा वाजून दहा मिनिटांनी. बेकरी बंद, किराणा बंद. दोनपर्यंत सगळं गाव जेवणार. दुपारच्या बंद दुकानाबद्दल तक्रार करणारा पुणेकर ही घटना तिथल्या इतिहासात नोंदवण्यासारखी होती, म्हणून मी गप्प बसलो. म्हणजे, गप्प उभा राहिलो. मेव्हणीनं गुळपापडीच्या वड्या काढल्या. साडूंनी सकाळीच घेऊन ठेवलेलं बकरीच्या दुधाचं चीज काढलं, सॅंत-मोर नावाचं, लांबट लोडासारखं. त्याच्या आरपार एक गवताची काडी असते, नाजूक चीज मोडू नये म्हणून. साडू पावाबरोबर सबंध लोड संपवत आले. "पचनाला उत्तम," म्हणाले. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा.

तिसऱ्या दिवशी आंब्वाजला पोचलो तेव्हा माझी बैठक पूर्णपणे मोडली होती. गादीवाली चड्डी होती, पण पहिला दिवसभर मी ती उलटी घातली होती. गादी पुढे, रणांगण मागे. चूक दुरुस्त केली तेव्हा फार उशीर झाला होता. आता मलमाशिवाय गत्यंतर नव्हतं. हिरव्या क्रॉसची पाटी दिसली, आणि मी बायकोला बाहेरच थांबवलं. कारण मला फ्रेंच येत होतं. बारावीला स्कोअरिंग म्हणून फ्रेंच घेणाऱ्या पिढीतला मी. शंभरपैकी एकोणनव्वद.

आत गेल्या गेल्या न विसरता "बाँजूर मादाम" म्हटलं. त्याशिवाय त्या देशात पानसुद्धा हलत नाही. पांढऱ्या कोटातल्या बाई प्रसन्न झाल्या. मागे गावातली चार-पाच माणसं रांगेत. सीटला फ्रेंचमध्ये 'सेल' म्हणतात हे मी सायकलवाल्याकडून पाठ करून आलो होतो. छातीठोकपणे म्हणालो, "जे आं प्रोब्लेम द सेल." मला सीटचा त्रास आहे.

बाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. "कधीपासून?"

"तीन दिवस."

"द्युर? उ मोल?" कडक, की मऊ?

किती नेमका प्रश्न! या देशाला सायकल कळते, मी मनात म्हटलं. "द्युर! त्रे द्युर!" आणि जोर यावा म्हणून भर घातली, "कॉम ला पिएर." दगडासारखं.

रांगेतल्या एक आजी कळवळल्या. बाईंनी दिवसातून किती वेळ, असं काहीसं विचारलं. मी म्हटलं, सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत. मध्ये जेवायला थांबतो. बाईंनी पेन खाली ठेवलं. शंका नको म्हणून मी वळून बोटानं जागाही दाखवली. मग म्हटलं, मी सायकलवर आहे. त्यावर त्या चक्क आनंदल्या. "फारच छान! सायकल चालवत राहा, त्यानं खूप फायदा होईल." मला हा उपचार जरा आसुरी वाटला, पण होमिओपॅथी असेल म्हणून सोडून दिलं. त्यांनी एक खोकं दिलं, भरपूर पाणी प्यायला सांगितलं, आलुबुखार खायला सांगितले. निघताना एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाँ कुराज." धीर धरा.

बाहेर येऊन बायकोला खोकं दाखवलं. आत मलम नव्हतं, पुड्या होत्या. तिनं मोबाइल त्या कागदावर धरला, भाषांतर वाचलं, आणि सायकलच्या हँडलवर डोकं टेकून हसत सुटली. 'सेल' म्हणजे सीट हे खरं. पण 'सेल' म्हणजे शौचही. मी भर दुकानात, पाच गावकऱ्यांच्या साक्षीनं, नऊ ते पाच चालणाऱ्या दगडी बद्धकोष्ठाची कैफियत मांडून आलो होतो. वर सायकलवर असतो, हेही.

मलम तिनं दुसऱ्या दुकानातून आणलं. फ्रेंचचा एक शब्द न बोलता, फोटो दाखवून.

आंब्वाजमध्येच लिओनार्दो दा व्हिंचीचं शेवटचं घर आहे, क्लो ल्यूसे. फ्रान्स्वा राजानं बोलावलं म्हणून हा माणूस 1516 साली, चौसष्टाव्या वर्षी, इटलीहून आल्प्स ओलांडून आला. खेचरावर बसून, असं सांगतात. सोबत मोनालिसा. तीन वर्षांनी तो इथेच वारला. त्याच्या पलंगापाशी लोक मोनालिसाबद्दल बोलत होते, मी त्या खेचराचा विचार करत होतो. आल्प्स! त्या वयात! त्याच्या कागदांत एक सायकलचं चित्रही सापडलं होतं, पण ते नंतर कोणीतरी खोडसाळपणे काढलेलं असावं असं बरेच अभ्यासक म्हणतात. माझंही मत तेच. शरीररचनेचा एवढा अभ्यास असलेला माणूस असलं यंत्र माणसाखाली देणार नाही.

वरच्या राजवाड्यात आणखी एक गोष्ट कळली. 1498 साली शार्ल आठवा हा राजा चेंडूचा खेळ बघायला लगबगीनं निघाला, एका बुटक्या दाराची चौकट कपाळावर बसली, आणि काही तासांत तो गेला. वय अवघं 27. "म्हणून म्हणते, हेल्मेट काढत जाऊ नका," बायको म्हणाली. मी संग्रहालयातही हेल्मेट घालूनच फिरलो. दारं खरंच बुटकी आहेत.

चौथ्या दिवशी शनॉन्सो, रानातून, चढउतार करत. हा महाल म्हणजे शेर नदीवर आडवा टाकलेला पूलच. हेन्री दुसरा या राजानं तो आपल्या लाडक्या दियानला दिला, जी त्याच्याहून जवळपास वीस वर्षांनी मोठी होती. पूल तिनं बांधला. 1559 मध्ये राजा भाल्याच्या खेळात जखमी होऊन मेला, तेव्हा त्याची राणी कॅथरिन हिनं दियानला बाहेर काढलं आणि पुलावर स्वतःचं दालन चढवलं. दोघी बहिणी हा इतिहास मालिकेच्या चवीनं ऐकत होत्या. "पण तिनं सवतीला रस्त्यावर नाही हो टाकलं," मेव्हणी म्हणाली, "बदल्यात दुसरा महाल दिला की. कुठला तो?" कुठला म्हणजे? शॉमों! टेकाडावरचा! तो चढ मी पायांनी मोजला होता. कॅथरिनचा राग किती खोल होता हे त्या गर्दीत एकट्या मलाच कळलं असणार.

पुढे एका विधवा राणीची काळ्या रंगाची खोली आहे. ती तिथे दिवसेंदिवस गुडघे टेकून प्रार्थना करी. गुडघे टेकून! बूड टेकवायला न लागणारा एवढा भक्तिमार्ग आपल्याकडे कसा रुजला नाही?

पाचव्या दिवशी वाऱ्याशी शेवटची झटापट करून तूरला पोचलो. जुन्या चौकातली लाकडी सांगाड्यांची घरं, बाहेर मांडलेली टेबलं, संध्याकाळचं ऊन. मी लोकरीच्या जाकिटाची घडी बुडाखाली घेऊन पाच दिवसांत पहिल्यांदा सरळ बसलो. दोघी सफरचंदाच्या टार्टवर तुटून पडल्या होत्या. साडू मात्र काही घेत नव्हते. चीज आलं, त्यांनी बशी बाजूला सरकवली. सारखे उठत होते, परत येत होते, येताना चेहरा गेला होता तसाच. पाच दिवस पाव आणि चीज, चीज आणि पाव.

शेवटी खुर्ची माझ्याकडे ओढून, दोघींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "अहो, त्या आंब्वाजच्या पुड्या... टाकून नाही ना दिल्यात?"

पुड्या माझ्या पिशवीतच होत्या. मी पिशवीवर हात ठेवला, जाकीट नीट सारखं केलं, मागे रेलून बसलो आणि विचारलं, "आधी सांगा, द्युर? उ मोल?"