गिरमिटावरचं गिरिप्रवचन

बुधवारी संध्याकाळी, भरल्या घरात, पाळकसाहेबांच्या देखत मला मार्था म्हणण्यात आलं. मी पंचावन्न वर्षांचा पुरुष आहे. मला मिशा आहेत. तरुण संघातली पोरं तेव्हापासून मला ‘मार्था अंकल’ म्हणतात, आणि त्यातल्या एकाने रविवारी उपासनेनंतर, चर्चच्या फाटकाजवळ, सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं.

झालं ते असं. आमच्या मंडळीत दर बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. या खेपेला पाळी बेळगावच्या टिळकवाडीत, म्हणजे आमच्याकडे. बायको नर्स. तिची दुपारची ड्युटी, त्यामुळे सभेनंतरचं खाणं माझ्याकडे. तसा आमच्या घरचा स्वयंपाक बरीच वर्षं माझ्याकडेच आहे. मला तो येतो, आवडतोही. बेत ठरवला गिरमिट आणि मिरची भजी.

बाहेरच्यांसाठी सांगतो. चुरमुऱ्यांत चिंच-गुळाचा, कांदा-टोमॅटो परतून केलेला मसाला कालवायचा, वर पुटाण्याची पूड, कच्चा कांदा, कोथिंबीर, शेव. झालं गिरमिट. हुबळी-धारवाडची माणसं ते आपलं म्हणतात. म्हणोत. या भागात आधीच एक सीमाप्रश्न आहे, दुसरा नको. मुद्दा एवढाच, की गिरमिट कालवलं की खायचं. चार-पाच मिनिटं गेली की चुरमुरे मान टाकतात, आणि दहा मिनिटांनी ताटलीत जे असतं त्याला आमच्याकडे नाव नाही.

हे सगळं दाखलेकाकांना माहीत आहे. जन्म बेळगावातला, नोकरी रेल्वेत, त्यातली बरीचशी लोंढा जंक्शनला. दाखलेकाका हे नाव आम्ही ठेवलेलं. त्यांना ते माहीत आहे आणि त्यांना तो सन्मान वाटतो. शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, प्रभू येशूने पिठाचे, मिठाचे, द्राक्षवेलीचे दाखले, म्हणजे बोधकथा, दिले, तेवढ्यावर काकांचं भागत नाही. जगात जे जे शिजतं त्यात त्यांना बोध दिसतो. कुंदा समोर ठेवला तर म्हणणार, “दूध किती तास आटलं बघ, तेव्हा हा रंग आला. देव पण भक्ताला असाच आटवतो.” मांड्यावर बोलले, गोकाकच्या करदंटावर बोलले. एका लग्नात जिलबीवर इतकं बोलले की नवरदेवाने वळून बघितलं. त्यांच्या शर्टाच्या खिशात छोटी डायरी असते, रेल्वेचीच, आणि सुचलं की ते तिथल्या तिथे लिहून ठेवतात. आयुष्यात त्यांनी चहासुद्धा केलेला नाही, हे काकूंनी मला स्वतः सांगितलंय.

सभा साडेसहाला. काका पाचलाच आले. “बाहेर एकट्यानं काय बसू?” म्हणत थेट स्वयंपाकघरात, आणि मिक्सरजवळची एकुलती एक खुर्ची त्यांनी घेतली.

“काय करालास रे?”

“मिरच्या चिरतोय, काका.”

“चिरालास? बघ की. देव पण आपल्याला असाच चिरतोय. आतलं बी काढायला.”

“मी बी काढत नाही काका, नुसती चीर देतोय. तिखट लागू दे जरा.”

काका थांबले. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी डायरी काढली. “कधी कधी देव नुसती चीर देतोय,” असं म्हणत लिहून घेतलं.

मी बेसन कालवलं. चिमूटभर सोडा टाकला. तो त्यांनी बघितला.

“थोडं खमीर सगळा गोळा फुगवतंय! करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय पाच.”

इथे माझी जरा चिडचिड सुरू झाली होती, म्हणून मी विचारलं, “काका, मला एक सांगा. पौल म्हणतो जुनं खमीर काढून टाका. आणि लूकच्या तेराव्या अध्यायात प्रभू म्हणतो, देवाचं राज्य खमिरासारखं आहे. मग खमीर चांगलं की वाईट?”

काकांनी पातेल्यात डोकावून बघितलं. बराच वेळ बघितलं.

“ते पिठावर आहे,” म्हणाले.

त्या लूकच्या दाखल्यातल्या बाईचं मला नेहमी वाटतं. तिने तीन मापं पिठात खमीर लपवलं. तीन मापं म्हणजे किती? भाष्यकार हिशोब करून सांगतात, शंभरेक माणसं जेवतील इतकं. एवढं पीठ एका बाईने मळलं, हातांनी. खमिरावर मी लहानपणापासून प्रवचनं ऐकत आलोय. त्या बाईच्या खांद्यांचं काय झालं यावर आजवर एकही ऐकलेलं नाही. असो.

तेल तापलं का बघायला मी पिठाचा थेंब सोडला. तो बुडाला आणि तडतडत वर आला.

“बाप्तिस्मा!” काका खुर्चीतून उठलेच.

“काका, मागं सरा, उडतंय.”

“अरे, शिंपडायचं की बुडवायचं यावरनं मंडळ्या फुटल्या की रे! आणि हे तेल बघ. बुडवतंय पण, शिंपडतंय पण!”

हे मात्र चांगलं होतं. मी हसलो, आणि तिथेच माझं चुकार हसू त्यांना परवाना वाटलं असणार. कारण पहिला घाणा निघेपर्यंत त्यांनी झारा, चाळणी आणि तेल निथळायला ठेवलेला कागद, तिन्हींचं अध्यात्म उरकलं. कागदासाठी यशया काढला.

मग सिलिंडर संपला. ऐन दुसऱ्या घाण्यात. दुसरा भरलेला सिलिंडर बाल्कनीत होता, तो मी आत ओढत आणला. रेग्युलेटर काढला, लावला, वाकून वास घेतला. काका दारात उभे राहून दहा कुमारींचा दाखला सांगत होते. रात्री दिवे घेऊन नवरदेवाची वाट बघणाऱ्या पाच शहाण्या, पाच मूर्ख, मूर्खांच्या दिव्यातलं तेल संपलं. मी म्हटलं, “काका, माझ्याकडे दुसरा होता. म्हणजे मी शहाण्यांतला.” ते म्हणाले, “तसं नव्हे, विझला होता की नाही? मुद्दा विझण्याचा आहे.” सिलिंडरला हात लावायचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. तेव्हा नवरा येतोय म्हणून ओरडणारे बरेच असतील. तेल विकत आणून ठेवणाऱ्यांचं नाव कुठे आलेलं नाही.

मिठाचं तर विचारूच नका. “तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा” यावर त्यांनी सुरुवात केली तेव्हा मी मसाल्यात मीठ घालत होतो आणि मला मोजायचं होतं. खरं तर त्या वचनात सांगण्यासारखं आहे. मृत समुद्राकाठचं मीठ शुद्ध नसायचं, त्यात बाकीचे क्षार असायचे. ओल लागली की खरं मीठ विरघळून निघून जायचं आणि खाली राहायचा नुसता बेचव गाळ. म्हणून ‘मीठ खारटपणा गमावतं’ हे तिथल्या बायकांना समजावून सांगावं लागलं नसेल. त्यांच्या मडक्यांत ते रोज दिसत होतं. मी हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, “एवढं खोलात जायचं नसतंय रे.” आणि चमच्याने मसाला चाखून म्हणाले, “जरा कमी पडलंय.” पडलेलं नव्हतं.

साडेसहाला मंडळी जमली. गीतं झाली, वचन झालं, पाळकसाहेब नेमके बोलले, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. शेवटचं गीत सुरू झाल्यावर मी आत गेलो आणि गिरमिट कालवलं. माझा हिशोब पक्का होता. गीताची दोन कडवी, मग अन्नासाठी लहानशी प्रार्थना, मग ताटल्या.

पण आमची मंडळी सीमेवरची. लंडन मिशनचे लोक १८२० साली बेळगावात आले, तेव्हापासून इथे दोन्ही भाषांत देवाचं काम चालत आलंय. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, १९६७ला सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ला महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, २०१४ला गावाच्या पाट्या बेळगावी झाल्या. बाहेर इतकं होऊनही आमच्यात भाषेवरून कधी भांडण नाही, कारण एक साधा नियम आहे: मराठीत प्रार्थना झाली की कन्नडमध्ये व्हायची, आणि कुणीही दुसऱ्यापेक्षा थोडक्यात आटपायचं नाही. या सलोख्याची किंमत त्या दिवशी चुरमुऱ्यांनी मोजली.

मराठी प्रार्थना झाली. कन्नड सुरू झाली. भज्यांची वाफ बसत चालली. माझ्या शेजारी उभ्या कन्नड अक्कांनी डोळे मिटलेलेच ठेवून, ओठ न हलवता पुटपुटलं, “बिसी इद्दाग तिन्रि.” गरम आहेत तोवर खा. त्या संध्याकाळचं सर्वांत शास्त्रसंमत वाक्य तेच.

‘आमेन’ झालं. मी ताटल्या उचलल्या. आणि काका उठले. “दोन शब्द.”

मी म्हटलं, “काका, आधी खाऊन घेऊ या का? गिरमिट आहे.” हात जोडून म्हटलं होतं, ताटल्या खाली ठेवून.

काका माझ्याकडे बघून इतके प्रेमाने हसले, की मला तेव्हाच कळायला हवं होतं. “मार्था, मार्था,” ते म्हणाले, “तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी व दगदग करतेस.”

करतेस! घर हसलं. पाळकसाहेबही हसले, रुमालात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लूकच्या दहाव्या अध्यायात मार्था आणि मरीया या दोघी बहिणी. प्रभू घरी आला, मरीया पायाशी बसून ऐकत राहिली, मार्था एकटी राबत होती. तिने तक्रार केली, तर तिलाच समजावण्यात आलं. दोन हजार वर्षं ती बाई बोलणी खाते आहे, आणि ती बोलणी तिला ऐकवणारे बहुतेक जण पुढच्या दहा मिनिटांत ताटावर बसतात. योहानाचा बारावा अध्याय मात्र कुणी काढत नाही. तिथे या बहिणींचं गाव बेथानी, पुन्हा जेवण, त्यांचा भाऊ लाजार कबरेतून परत येऊन पंगतीला बसलाय, आणि वाढतंय कोण? मार्थाच. तिथे प्रभू तिला एका शब्दाने बोलत नाही. भाऊ मेलेला जिवंत झाला तरी त्याला कुणी ‘जरा पाण्याचे तांबे भर’ म्हटल्याचं लिहिलेलं नाही, हेही लक्षात घ्या.

काकांचे दोन शब्द अठरा मिनिटं चालले. मिरची, बेसन, तेल, सिलिंडर. संध्याकाळची सगळी डायरी आली. माझं स्वयंपाकघर मला कुणीतरी परदेशातल्या मिशन फील्डचं असल्यासारखं सांगत होतं. मग सगळ्यांना गिरमिट मिळालं. तोपर्यंत ते चमच्याने कापता येत होतं. लोक भले, खाल्लं, ‘छान, छान’ म्हणाले. काकांनी दोनदा घेतलं. दुसऱ्यांदा घेताना म्हणाले, “गिरमिट जरा मऊच झालंय रे. लगेच द्यायला पाहिजे होतंस.”

मी काही बोललो नाही. मग त्यांनी एक भजं उचललं, दाबून बघितलं, आणि लावदिकीयाच्या मंडळीला लिहिलेलं पत्र काढलं. प्रकटीकरण, तिसरा अध्याय. तू उष्ण नाहीस, शीतही नाहीस, कोमट आहेस, म्हणून तुला तोंडातून ओकून टाकीन. वचन म्हणून झाल्यावर भजं खाल्लं.

मला खरंच राग आलाय, आणि तो गेलेला नाही. अन्नात देव दिसू नये असं माझं म्हणणं नाही. मला तर पोळी फुगताना रोज दिसतो. पण ज्याच्या हाताला चटका बसत नाही त्यालाच चटक्याचा अर्थ सांगायचा हक्क का मिळतो? सभा संपल्यावर कढई, परात, तीसेक ताटल्या मी घासल्या. मरीया सगळ्या घरी गेल्या होत्या.

रविवारी, ते ‘मार्था अंकल’ ऐकल्यावर, मी काकांना फाटकाशी गाठलंच. म्हटलं, “काका, योहान एकवीस. पुनरुत्थानानंतर प्रभू सरोवराच्या काठी स्वतः कोळशाचा विस्तव करतो, त्यावर मासळी ठेवतो. शिष्य रात्रभर राबून आलेत. तो काय म्हणतो? ‘या, न्याहारी करा.’ पेत्राला जे काय विचारायचं होतं, माझ्यावर प्रीती करतोस का वगैरे, ते पंधराव्या वचनात. आणि पंधरावं वचन सुरू कसं होतं? त्यांची न्याहारी झाल्यावर. झाल्यावर, काका.”

काका एकदम गंभीर झाले. माझा दंड धरला. डोळ्यांत पाणी वगैरे आलं असावं.

“काय सांगालास रे,” म्हणाले. “आधी न्याहारी, मग वचन. हे कुणी सांगितलंच नव्हतं बघ.” डायरी काढली, फाटकाच्या खांबावर टेकवून सगळं लिहून घेतलं, वचनाचा आकडा पुन्हा विचारून. “पुढच्या बुधवारी यावरच बोलतो. खाण्याच्या आधी.”

पुढची सभा कुणाच्या घरी हे मी विचारलं नाही. आमच्याकडे काही महिने तरी नको, असं घरी येऊन बायकोला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, कालच नाव दिलंय, या खेपेला आंबोळ्या कर.