आडनाव तेच, माणूस भलताच

‘हे तुमचेच पूर्वज ना?’ असा मेसेज मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. सोबत कुठल्यातरी जुन्या पत्राचा फोटो, खाली सही आणि सहीत माझं आडनाव. पाठवणारा हरखलेला असतो. पहिल्यांदा मीही हरखलो होतो, खोटं कशाला बोलू. त्या पहिल्या पत्रावर मी चार महिने घालवले. कागदाची घडी पडून शाई उडाली होती तिथली दोन-तीन अक्षरं काही केल्या लागत नव्हती. स्कॅन मोठा कर, लहान कर, उजेड वाढव, असं करत ती तीन तऱ्हांनी लावून पाहिली. आणि तोवर मनातल्या मनात वंशावळीला एक फांदी जोडूनही टाकली होती.

मग त्याच पुडक्यातलं पुढचं पत्र उघडलं. लिहिणारा याचा सख्खा धाकटा भाऊ. मजकुरात ‘वडील बंधू’ म्हणून याचंच नाव. आणि सहीत आडनाव वेगळं! थोरल्याने कामावरून पडलेलं नाव लावलं होतं, धाकट्याने मुळात होतं तेच ठेवलं होतं. म्हणजे मी ज्या दोरीला धरून मागे मागे चाललो होतो, ती त्या थोरल्याच्या पलीकडे नव्हतीच.

आडनाव जुळलं की तपास सुरू करायला एक निमित्त मिळतं, एवढंच. आपण मात्र तिथेच तपास संपवून हार घालायला फोटो शोधायला लागतो.

या गफलतीत आपण एकटे नाही. आडनावावरून रक्ताचं नातं मोजायचा पहिला मोठा प्रयत्न डार्विनच्या घरातून झाला, आणि त्याचं कारण घरगुतीच होतं. चार्ल्स डार्विनची बायको एमा वेजवुड ही त्याची सख्खी मामेबहीण. दहा मुलं झाली, त्यातली तीन लहानपणीच गेली. जवळच्या नात्यातल्या लग्नाचा हा परिणाम असेल का, ही टोचणी त्याला आयुष्यभर होती. जुलै १८७० मध्ये त्याने खासदार मित्र जॉन लबक यांना पत्र लिहिलं: पुढच्या वर्षीच्या जनगणनेत नवरा-बायको एकमेकांची चुलत-मामे वगैरे भावंडं आहेत का, हा प्रश्न घाला. लबकनी तो संसदेत मांडला आणि संसदेने उडवून लावला. डार्विन एरवी मवाळ माणूस, पण १८७१ च्या ‘द डिसेंट ऑफ मॅन’मध्ये त्याने या अडाणी लोकप्रतिनिधींना एक चिमटा काढून घेतलाच.

मग मुलगा जॉर्ज पुढे सरसावला. हा गणिती, पुढे भरती-ओहोटी आणि चंद्र यांवरच्या कामासाठी नावाजला गेला. जनगणना विचारत नाही ना, मग आडनावं मोजू, असं त्याने ठरवलं. वर्तमानपत्रांतल्या लग्नाच्या जाहिराती आणि खानदानी घराण्यांच्या वंशावळी घेऊन, लग्नाआधीच नवरा-नवरीचं आडनाव एकच होतं अशी लग्नं त्याने वेगळी काढली. त्यातून निव्वळ योगायोगाने जुळलेली वजा करायची होती. इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी खात्याने सर्वांत जास्त आढळणारी पन्नास आडनावं आधीच छापलेली होती. त्यात स्मिथ पहिला, दर ७३ माणसांमागे एक. म्हणजे नवराही स्मिथ आणि नवरीही स्मिथ हे ७३ गुणिले ७३, म्हणजे ५,३२९ लग्नांत एकदा आपोआप घडणारच. असा प्रत्येक आडनावाचा हिशेब. वर त्याने सारख्या आडनावाच्या शेकडो जोडप्यांना पत्रंच पाठवली: तुम्ही एकमेकांची सख्खी चुलत भावंडं लागता का? (कुणी मला असं पत्र पाठवलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं, ते इथे लिहीत नाही.)

हा सगळा खटाटोप वाचताना मला आपल्या भाषेचं फार कौतुक वाटलं. इंग्रजीत ‘कझिन’ म्हटलं की संपलं. आपल्याकडे चुलत, आते, मामे, मावस. या चौघांत आडनाव सारखं असतं ते फक्त चुलत भावंडांचं. जॉर्जची जाळी चुलत तेवढे पकडत होती, बाकीचे तिघे निसटत होते. त्यालाही ते ठाऊक होतं, म्हणून सारख्या आणि वेगळ्या आडनावांच्या भावंडांतल्या लग्नांचं प्रमाण त्याने वेगळं काढलं. पण आपण जी गोष्ट एका शब्दात सांगून मोकळे होतो, ती सांगायला त्या बिचाऱ्याला पानं खर्ची घालावी लागली. आणि त्याच्या आईवडिलांचं लग्न? आते-मामे भावंडांचं. एक डार्विन, एक वेजवुड. ज्या जोडप्यामुळे हा अभ्यास निघाला, ते जोडपं त्या अभ्यासाच्या चाळणीतून सरळ खाली पडलं असतं!

१८७५ ला निबंध आला. उमराव घराण्यांत भावंडांतली लग्नं सुमारे साडेचार टक्के, लंडनमध्ये सुमारे दीड टक्का. वेड्यांच्या इस्पितळांतून मागवलेल्या माहितीत अशा जोडप्यांच्या मुलांचं प्रमाण फार काही वेगळं निघालं नाही. पुढे १९६५ मध्ये क्रो आणि मँज या दोन जनुकशास्त्रज्ञांनी याच कल्पनेचं सुटसुटीत सूत्र केलं: सारख्या आडनावांच्या लग्नांचं प्रमाण भागिले चार, की त्या समाजातल्या अंतःप्रजननाचा, म्हणजे जवळच्या रक्तातून होणाऱ्या संततीचा, अंदाज मिळतो. अट एकच. त्या आडनावाचा मूळपुरुष एकच असला पाहिजे. आणि सगळं घोडं तिथेच अडतं. लोहार जितक्या गावांत, तितके स्मिथ.

या अटीची परीक्षा घ्यायला वाय गुणसूत्र यावं लागलं. बापाचं आडनाव मुलाला आणि बापाचं वाय मुलालाच, दोघांची वाट एक. ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी २००० मध्ये हे आपल्याच आडनावावर करून पाहिलं. यॉर्कशर आणि आसपासच्या साइक्स मंडळींना पत्रं धाडली, गालाच्या आतून ब्रश फिरवून तो परत पाठवा म्हणून. साइक्स म्हणजे त्या भागातल्या बोलीत ओढा. ओढे गावोगाव, तेव्हा मूळपुरुषही गावोगाव असणार, असं सगळे धरून चालले होते. तपासलेल्या ४८ जणांपैकी २१ जणांचं वाय एकाच ठशाचं निघालं! साइक्सनी अनुमान काढलं की मूळपुरुष एकच, सुमारे सातशे वर्षांपूर्वीचा, आणि बाकीच्यांच्या वंशात दर पिढीला साधारण १.३ टक्के या दराने मध्येच दुसरं वाय शिरलं.

‘दुसरं वाय शिरलं’ म्हटल्यावर लोक लगेच डोळे मिचकावतात. प्रत्येक वेळी भानगडच असेल असं नाही हो. दत्तक घेतलेला मुलगा असतो, विधवेने पुन्हा लग्न केल्यावर आधीच्या नवऱ्याचा मुलगा नव्याचं नाव लावतो, मुलगी एकुलती म्हणून जावई सासऱ्याचं आडनाव घेतो. वाय यातलं काहीच सांगत नाही. ते एवढंच म्हणतं की इथे साखळी तुटली. का तुटली हे कागदावर असलं तर असतं.

आणि साइक्सनी त्या वेळी वायवरच्या, ताडून पाहायच्या, फक्त चार खुणा तपासल्या होत्या, हेही विसरू नये. २००९ मध्ये लेस्टर विद्यापीठाच्या टूरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी १७ खुणा, ४० आडनावं आणि १,६७८ पुरुष घेतले. अटेनबरोसारख्या दुर्मीळ आडनावात दहातले जवळपास नऊ जण एका ठशाचे, तर स्मिथमध्ये सगळी खिचडी. पण दुर्मीळ आडनावातही मूळपुरुष एकच होता असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. सुरुवातीला चौघे असतील आणि तिघांचे वंश मुलगे न झाल्याने बुडाले असतील. हे गणित १८७३ मध्ये फ्रान्सिस गाल्टनने विचारलं होतं: निव्वळ योगायोगाने आडनावं कशी नामशेष होतात? हा गाल्टन डार्विनच्या सावत्र आत्याचा मुलगा. आजोबा एकच आणि आडनाव वेगळं, पुन्हा तेच.

पत्र आणि प्रयोगशाळा समोरासमोर आल्या की काय होतं, याचं माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकेतलं, राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनचं. त्याच्या मळ्यावरच्या गुलाम सॅली हेमिंग्जची मुलं त्याचीच, हा बोभाटा त्याच्या हयातीतच होता. १८५८ मध्ये त्याची नात (मुलीची मुलगी) एलेन कूलिज हिने नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्याचं खापर सॅम्युएल कारवर फोडलं. कार बंधू म्हणजे जेफरसनच्या बहिणीचे मुलगे, भाचे. इतिहासकारांनी हे पत्र पुढे कितीतरी वर्षं प्रमाण मानलं. का नाही मानणार? घरच्या बाईने घरच्या माणसाला लिहिलेलं पत्र, यापेक्षा चांगलं साधन काय असतं?

१९९८ मध्ये वायची तपासणी झाली. जेफरसनला वंश चालवणारा मुलगा उरला नव्हता, म्हणून चुलत्याच्या वंशजांचं रक्त घेतलं. कार घराण्याच्या वंशजांचं घेतलं. सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन, त्याच्या वंशजाचं घेतलं. एस्टनचं वाय जेफरसनांशी जुळलं, कारांशी नाही. नातीने, निदान एस्टनच्या बाबतीत, चुकीचं लिहिलं होतं. जाणूनबुजून की ऐकीव माहितीवर, ते तिला ठाऊक.

लगेच ‘विज्ञानाने सिद्ध केलं’ अशा आरोळ्या उठल्या. काय सिद्ध केलं? कुणीतरी एक जेफरसन पुरुष, इतकंच. थॉमसचा भाऊ रँडॉल्फ याचंही वाय तेच. तो की हा, हे पुन्हा कागदांनीच ठरवायचं होतं: सॅलीच्या प्रत्येक बाळंतपणाच्या साधारण नऊ महिने आधीच्या सुमारास थॉमस मळ्यावर होता, हे त्याच्याच नोंदींतून आणि पत्रव्यवहारातून निघतं. आज बहुतेक अभ्यासक थॉमसच बाप मानतात, ते दोन्ही पुरावे एकत्र ठेवून. मला मात्र या सगळ्यात एस्टन आठवत राहतो. १८५२ मध्ये तो विस्कॉन्सिनला गेला आणि तिथे त्याने जेफरसन हे आडनाव लावलं. हे जुळायला आणखी दीड शतक जावं लागलं.

मग माझं काय? टेस्टचा किट मी आणून ठेवलाय. ब्रश अजून पाकिटातच आहे. कारण वाय माझ्या एकट्याचं नाही, माझ्या सगळ्या चुलत्यांचं आणि चुलतभावांचं आहे. यॉर्कशरमधल्या एका दुर्मीळ आडनावाच्या गोऱ्या माणसात अफ्रिकेतली अतिप्राचीन वाय शाखा सापडली होती. त्याच आडनावाच्या आणखी अठरा जणांना तपासलं, सात जणांत तीच शाखा. २००७ ला हे छापून आलं तेव्हा संशोधकांनी आडनाव मात्र छापलं नाही. या शहाणपणाला माझा सलाम. उलट २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने दाखवून दिलं की निनावी ठेवलेल्या जनुकीय माहितीवरून, इंटरनेटवरच्या वंशावळींशी ताडून, काही जणांची आडनावं आणि त्यावरून ओळखही काढता येते. म्हणजे एका चुलतभावाने हौसेने थुंकी पाठवली की बाकी सगळे न विचारता ओळखीच्या रांगेत.

शिवाय मिळणार काय? दहा पिढ्या मागे गेलं की पूर्वजांच्या जागा १,०२४. वाय त्यातल्या एकाबद्दल बोलतं. आडनाव फार तर त्याच एकाबद्दल. उरलेल्या १,०२३ जागांवरच्या माणसांत निम्म्याहून जास्त बायका, आणि त्यांची माहेरची आडनावं कुणी लिहून ठेवलीत?

मोठ्या चुलतभावाला विचारलं. तो म्हणाला, ‘नको रे, काहीतरी भलतंच निघायचं.’ मी बरं म्हटलं. धाकट्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

तोवर ते पुडकं वाचतोय. एकूण चारशे छत्तीस स्कॅन आहेत, एकशे बारापर्यंत आलोय. काल धाकट्या भावाचं आणखी एक पत्र लागलं. त्यात थोरल्याने घेतलेले पैसे अजून परत केलेले नाहीत अशी तक्रार आहे, आणि या खेपेला त्याने सहीत आडनावच घातलेलं नाही.