२^६७ − १ : संख्येची घडण न बघता चाचणी लावली की काय होतं

मोठ्या संख्यांच्या गमतीजमती सांगणाऱ्या पोस्टींत १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ हटकून येते. म्हणजे २^६७ − १. फ्रेंच गणिती मर्सेनने १६४४ मध्ये तिला मूळ संख्या ठरवलं, अमेरिकन गणिती कोलने १९०३ मध्ये फळ्यावर १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार करून दाखवला, टाळ्या, पोस्ट खतम. खरी मजा त्याच्या पुढे आहे आणि ती कुणी सांगत नाही, ही माझी तक्रार.

अवयव हातात आले की बाकीचे गुणधर्म नुसती बेरीज-वजाबाकी. विभाजक चार. त्यांची बेरीज १४७५७३९५३३५१७०८३७७९३६. एवढंच.

आता हीच संख्या, तिला N म्हणू, फर्माच्या चाचणीत घाला; संख्या मूळ असावी का, हे ती सांगते. N मूळ असेल तर २^(N−१) ला N ने भागून बाकी १ उरते. इथेही १ च उरते! कारण N−१ म्हणजे २^६७ − २, त्याला ६७ ने नि:शेष भाग जातो, आणि २^६७ ची बाकी तर आधीच १ आहे. तिचीच कडक आवृत्ती असलेली मिलर-राबिन चाचणी लावलीत तरी पाया (म्हणजे ज्या संख्येचा घात घेतो ती) २ असेल तर निकाल तोच: 'बहुधा मूळ'. प्रोग्राम बिचारा बरोबरच असतो, पाया चुकीचा असतो. या N साठी फर्माच्या चाचणीला फसवणारे पाये १२०६^२, म्हणजे १४५४४३६ आहेत. साधारण एक कोटी कोटींत एक. आणि सवयीने आपण नेमका त्यातलाच एक उचलतो. पाया ३ घ्या, पितळ लगेच उघडं पडतं. किंवा ल्युका-लेमर चाचणी: ४ पासून सुरुवात, वर्ग करून २ वजा, N ने भागून बाकी, हे ६५ वेळा. शेवटी शून्य उरलं नाही, तर संख्या संयुक्त. ल्युकाने १८७६ मध्येच ही संख्या संयुक्त असल्याचं दाखवलं होतं, एकही अवयव माहीत नसताना. 'संयुक्त आहे' आणि 'अवयव हे आहेत' या दोन वेगळ्या बातम्या आहेत, बाबांनो.

एक्सेलमध्ये हे करू नका. तिथे १५ सार्थ अंकांपुढे शून्यं येतात, आणि प्रोग्रामच्या साध्या दशांश-चलात (float) २^६७ − १ चं थेट २^६७ होतं, म्हणजे चक्क सम संख्या. पायथनचे पूर्णांक चालतात.

अवयव शोधतानाही घडण बघा. इथला कुठलाही मूळ अवयव १३४k + १ (k पूर्णांक) असाच हवा, आणि ८ ने भागल्यावर त्याची बाकी १ किंवा ७. म्हणजे k ला ४ ने भागून ० किंवा १ उरलं पाहिजे. लहान अवयवाचा k आहे १४४५५८०. सगळ्या विषम संख्यांनी भागत बसलात तर साडेनऊ कोटींहून जास्त भागाकार, असं चाळून घेतलं तर सव्वासात लाखांच्या आसपास.

त्याहून झटपट पोलार्डची p−१ पद्धत: p हा शोधायचा मूळ अवयव, आणि p−१ चे घटक लहान असले की तो पटकन सापडतो. १९३७०७७२० = २^३ × ३^३ × ५ × ६७ × २६७७, सगळे घटक लहान. ३००० पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येचा ३००० च्या आत बसणारा सर्वांत मोठा घात घ्या, ३ ला त्या त्या घातांकावर चढवत जा, दर वेळी N ने भागून बाकी ठेवा. शेवटी १ वजा करून N शी मसावि काढा: १९३७०७७२१. इथेही २ ने सुरुवात केलीत तर मसावि म्हणून अख्खी N परत मिळते, कारण घातांकात ६७ येतोच. आणि 'मर्यादा जरा सढळ ठेवू' म्हणून १०००० घेतलीत तरी तेच, कारण दुसऱ्या अवयवातून १ वजा केल्यावर सर्वांत मोठा घटक ८५३९ येतो आणि दोन्ही अवयव एकाच वेळी जाळ्यात सापडतात. म्हणून मसावि फक्त शेवटी काढू नका, दर शंभरेक मूळ संख्यांनंतर काढत राहा.