साठ शब्दांत हजार वर्षं

डॉक्टरकी शिकायला परदेशी निघालेल्या मुलीला लोक फार तर "कशातली?" एवढं विचारतात. कॉम्प्युटरवाल्यांना तेही विचारत नाहीत. मी इंग्लंडात यॉर्कला पब्लिक हिस्ट्रीचं एम.ए. करायला निघाले, तेव्हा साताऱ्यातल्या आमच्या आळीने माझी तोंडी परीक्षाच घेतली. परीक्षक मोठे काका.

"इतिहास शिकायला इंग्लंड? अगं, इथे ढिगाने पडलाय. पहाटे उठून अजिंक्यताऱ्यावर जा. फुकट."

मी समजावून सांगितलं. संग्रहालयं, स्मारकं, जुने वाडे, माहितीचे फलक, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, असा वर्गाबाहेर लोकांपर्यंत जो इतिहास पोचतो, तो कोण पोचवतं, कसा पोचवतं आणि पोचवताना काय गाळतं, हे शिकायचं. काका म्हणाले, "म्हणजे मी रोज सकाळी ग्रुपवर करतो तेच." मला उत्तर सुचलं नाही. अजूनही पुरतं सुचलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मी घरात कटाक्षाने बोलले नाही. या नावाचा अभ्यासक्रम पहिल्यांदा १९७६ साली कॅलिफोर्नियात, सांता बार्बराच्या विद्यापीठात सुरू झाला. का, तर इतिहासात पीएच.डी. झालेल्यांना कॉलेजांत नोकऱ्या मिळेनात, त्यांना दुसरीकडे कुठेतरी कामाला लावायला हवं होतं. शैक्षणिक कर्जाच्या अर्जावर बाबा सही करत असताना ही माहिती पुरवण्याचं काही कारण नव्हतं.

व्हिसाचं वर्णन मी लांबवत नाही, ज्यांनी काढलाय त्यांना पुन्हा मनस्ताप नको. क्षयरोग नसल्याचा दाखला मिळवायला छातीचा एक्स-रे काढला. आरोग्याचा अधिभार म्हणून वर्षाला ७७६ पौंड, आजारी पडायच्या आधीच भरले. शिवाय खात्यात दाखवायची रक्कम सलग २८ दिवस जागची हलता कामा नये. ते २८ दिवस बाबा एटीएमच्या रस्त्याने फिरकले नाहीत. मँचेस्टरच्या विमानतळावर खिडकीतल्या अधिकाऱ्याने कागद चाळत विचारलं, हे शिकून नोकरी कसली लागते? प्रश्न काकांचाच, पण काकांच्या हातात शिक्का नव्हता.

गंमत म्हणजे त्याच वर्षी, जुलै २०२४ मध्ये, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं आमच्या साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तीन वर्षांच्या बोलीवर. ती इकडे आली आणि मी तिकडे निघाले. दोघांनाही परतीची मुदत घालून दिलेली. त्यांच्या स्वागताला मंत्री होते, माझ्या निरोपाला काका. ही वाघनखं तीच, असं खात्रीने सांगता येत नाही, हे खुद्द त्या म्युझियमनेच म्हटलेलं. त्यावरून आमच्या आळीत दोन तट पडले आणि दोन्हीकडचे लोक एकाच टपरीवर चहा पीत भांडत राहिले. पब्लिक हिस्ट्रीचं पहिलं सत्र खरं तर तिथेच झालं, फीशिवाय.

यॉर्क म्हणजे जिथे कुदळ मारावी तिथे इतिहास लागतो असं गाव. इसवी सन ७१ मध्ये रोमनांनी वसवलं. ३०६ साली कॉन्स्टंटाइनला इथेच सम्राट म्हणून पुकारलं. ८६६ मध्ये वायकिंगांनी घेतलं. तटबंदी अजून उभी आहे आणि तिच्यावरून लोक नातवंडं फिरवतात. संध्याकाळी काळे कोट घातलेली मंडळी पर्यटकांना भुतांच्या सफरीला नेतात. सगळ्यांत नामांकित गोष्ट १९५३ ची. ट्रेझरर्स हाउसच्या तळघरात काम करताना एका शिकाऊ प्लंबरला भिंतीतून रोमन सैनिक चालत येताना दिसले, तेही फक्त गुडघ्यापासून वर. जुना रस्ता खालच्या थरात होता, म्हणून पाय दिसले नाहीत. वर्गात यावर तासभर चर्चा झाली. हा पुरावा मानायचा का? मानायचा तर कशाचा? मी म्हटलं, आमच्याकडे हा प्रश्न सोपा असतो, आधी नारळ द्यायचा आणि मग चर्चा करायची. एका मुलीने ते लिहून घेतलं.

वर्गात माझी अडचण वेगळीच होती. प्राध्यापकांना 'सर' म्हटलं की ते दचकत. पहिल्या नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना. त्यामुळे वर्षभर मी त्यांना काहीच म्हटलं नाही, नुसतं समोर जाऊन खाकरायचे. आणि चर्चेत 'एम्पायर' हा शब्द आला रे आला की सगळ्या माना माझ्याकडे वळत. ईस्ट इंडिया कंपनीचं खतावणीचं बाड जणू माझ्या पिशवीत आहे आणि मी आत्ता ते काढून व्याजासकट हिशेब मागणार आहे. ब्रिस्टलमधला गुलामांचा व्यापारी एडवर्ड कोल्स्टन, त्याचा पुतळा ७ जून २०२० ला लोकांनी पाडून बंदरात ढकलला. मग तो बाहेर काढून, अंगावरच्या रंगासकट, संग्रहालयात आडवा ठेवला. यावर चाललेल्या वादात पुन्हा माना वळल्या. तेव्हा मी मुंबईचा काळा घोडा काढला. घोड्यावर बसलेल्या राजपुत्राचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्ये तिथून उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. राजा गेला, घोडाही गेला, पण लोक त्या जागेला काळा घोडाच म्हणत राहिले. शेवटी २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला, या खेपेला स्वार नसलेला. वर्ग गप्प झाला. त्या दिवसापासून मी पुतळ्यांची तज्ज्ञ. मुंबईत मी आयुष्यात जेमतेम चार लग्नांना गेलेली आहे, हे कोणी विचारलं नाही.

दिवाळीच्या किल्ल्याचा फोटो दाखवला तेव्हा तर कहर झाला. आमच्या वाड्यातल्या पोरांचा किल्ला. पोत्यावर मातीचा गिलावा, अळीव पेरून उगवलेलं जंगल, वर सिंहासनावर महाराज, पायथ्याशी मावळे आणि मावळ्यांना राखायला दिलेला प्लॅस्टिकचा जिराफ. प्राध्यापक चष्मा वर करून बघत राहिले. याला अनुदान कुठून मिळतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पोरं शेजाऱ्यांची माती न विचारता आणतात.

खरा छळ सुरू झाला तो मौखिक इतिहासाच्या वेळी. नियम सरळ आहेत. संमतीपत्र घ्यायचं, रेकॉर्डर लावायचा, मोकळा प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. गप्प म्हणजे अगदी गप्प. 'हो', 'बरं', 'अच्छा', 'हो का', 'अय्या', 'मग?' यांतलं काहीही टेपवर येता कामा नये. समोरच्याला दाद द्यायची ती फक्त मानेने. आता ज्या मुलीचं बालपण आजीच्या गोष्टीला हुंकार देण्यात गेलं, तिने काय करावं? आमच्याकडे हुंकार थांबला की आजी गोष्ट थांबवायची, पोरगी झोपली म्हणून.

माझ्या वाट्याला आलेल्या बाई चॉकलेटच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या. यॉर्कच्या याच कारखान्याने १९३५ साली किटकॅट बाजारात आणलं, तेव्हा नाव वेगळं होतं. बाईंनी चहा दिला, बिस्किटं दिली, मांजराला खाली उतरवलं आणि बोलू लागल्या. वास कुठून येतो त्यावरून वारा कुठला ते कळायचं, पॅकिंगच्या पट्ट्यावर हात चालत असताना तोंडं कशी चालायची, कोणाचं कोणाशी जुळलं. एकेक प्रसंग असा की माझ्या आत 'अय्या' नुसता उसळ्या मारत होता. मी दात आवळले आणि मान हलवत राहिले. वर, खाली, डावीकडे थोडी. अर्ध्या तासाने बाई थांबल्या, पुढे वाकल्या आणि काळजीने म्हणाल्या, "मान आखडलीये का गं तुझी, लव्ह? मलम देऊ?" हे सगळं टेपवर आहे. त्यानंतरचा माझा 'अय्या'सुद्धा.

पण या सगळ्यावर कळस चढवला फलकलेखनाने. संग्रहालयात वस्तूशेजारी जी पाटी असते, ती लिहायची. साठ शब्दांत. बारा वर्षांच्या मुलाला कळली पाहिजे, पहिल्याच वाक्यात त्याला धरून ठेवलं पाहिजे, आणि 'अद्वितीय', 'गौरवशाली', 'तेजस्वी' असं काहीही चालणार नाही. साठ शब्दांत आमच्याकडे व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावंही संपत नाहीत.

आणि वस्तू कोणती मिळाली? यॉर्कच्या जॉर्व्हिक वायकिंग सेंटरमधली सगळ्यांत प्रसिद्ध वस्तू. कोणाला तलवार मिळाली, कोणाला कंगवा, मला मिळाली अश्मीभूत विष्ठा. माणसाची. १९७२ मध्ये लॉइड्स बँकेची इमारत व्हायची होती तिथे खोदताना सापडली. लांबी वीस सेंटिमीटर. १९९१ मध्ये एका तज्ज्ञाने सांगितलं की हिची जागा दुसरं काही घेऊ शकत नाही, राजघराण्याच्या जवाहिराची घेऊ शकत नाही तसंच. म्हणजे थेट कोहिनूरच्या पंगतीला. २००३ मध्ये पाहुण्यांना दाखवताना ती खाली पडली आणि तिचे तीन तुकडे झाले. मग ते जोडायचं काम निघालं. जोडणाऱ्याने त्या रात्री घरी गेल्यावर "आज काय केलंस?" या प्रश्नाला काय उत्तर दिलं असेल, याचा मी बरेचदा विचार करते.

मी मात्र आईला खरं सांगितलं. व्हिडिओ कॉलवर पाच सेकंद ती हलली नाही, मला वाटलं नेट गेलं.

"अगं, यासाठी कर्ज काढलं का आपण?"

"आई, त्यावरून तो माणूस काय खात होता ते कळतं. मांस आणि पाव. भाजी जवळजवळ नाहीच. आणि पोटात जंत होते."

"होणारच. भाजी खात नाहीस तूही."

मागून बाबांचा आवाज आला, "बँकेचं काय म्हणतेय ती? हप्ता चुकला का?"

पाटीचे खर्डे मी किती केले ते सांगत नाही. शेवटी जमलं: 'हजारेक वर्षांपूर्वी कोणीतरी इथे जेवलं. त्या जेवणाचं पुढे काय झालं, ते तुमच्यासमोर आहे.' मग मांस, पाव, जंत, आणि अखेरीला 'हा वायकिंग होता.' प्राध्यापकांनी लाल शाईत विचारलं, वायकिंगच कशावरून? आणि पुरुषच कशावरून? म्हणून मी 'हा' काढला, दोन ठिकाणी 'बहुधा' घातला. शब्द झाले एकसष्ट. मग 'फक्त' कापला. एवढ्या वेळात आमच्याकडे अख्खा पोवाडा झाला असता.

पाटी मंजूर झाली तशी मी आनंदाच्या भरात तिचं मराठी करून घरच्या ग्रुपवर टाकली. काकांचं उत्तर लगेच आलं, "छान. पण हे बहुधा बहुधा काय लावलंयस? इतिहास ठासून सांगायचा असतो."

दोन दिवसांनी कोल्हापूरच्या मावशीने मला एक संदेश पुढे पाठवला. वर लाल अक्षरांत मथळा: 'इंग्रजांनी बँकेखाली दडवलेलं सत्य!' खाली माझी पाटी. दोन्ही 'बहुधा' गायब, शब्द तीनशेच्या घरात. जंत आता सम्राट कॉन्स्टंटाइनच्या पोटात गेले होते, आणि त्याच काळात आपल्याकडे लोक ताटात पाच भाज्या वाढून घेत होते. शेवटी हात जोडल्याची चित्रं आणि 'अभिमान असेल तर किमान दहा जणांना पाठवा.'

त्याखाली मावशीने लिहिलं होतं, "तू तिकडेच आहेस ना गं? खरंय का हे?"

मी बराच वेळ टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं. साठ शब्दांत बसेना. तेवढ्यात मावशीचा दुसरा मेसेज आला, "राहू दे. मी आमच्या भिशीच्या ग्रुपवर टाकलंय."