मामांची करंगळी

चौतीस वर्षं मी बँकेत कॅशियर होतो. काचेपलीकडचा माणूस लॉटरी लागल्याचं सांगो की सासरा वारल्याचं, माझ्या चेहऱ्यावरची एक रेघ हलायची नाही. "मागे एक सही राहिलीय." विषय संपला. या चेहऱ्याचा मला अभिमान होता. मग भाच्याचं लग्न झालं आणि तो सगळा अभिमान गंगेत बुडाला. (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. खऱ्या गंगेवर जायचं असेल तर तिकीट काढावं लागतं, तेव्हा कळतंच.)

भाचेसून कर्णबधिर आहे. लग्नात कुणीतरी तिला 'मूकबधिर' म्हणालं. त्यातलं मूक कुठून आलं ते मला अजून कळलेलं नाही, कारण ती हातांनी तासभर सलग बोलते आणि भाच्याला मध्ये शिरायला फट मिळत नाही. माझी पद्धत सोपी होती. तिच्यासमोर उभं राहायचं आणि ओरडून बोलायचं. शेवटी भाचा म्हणाला, "मामा, तिला ऐकू येत नाही, आणि खालच्या मजल्यावरच्यांना नको तेवढं येतंय." तेव्हा मी साइन शिकायचं मनावर घेतलं.

पहिले आठ दिवस मी अमेरिकन शिकलो. खुणांची भाषा जगभर एकच असते अशी माझी ठाम समजूत. मोबाइलवर एक गोरा मनुष्य एका हाताने एबीसीडी करायचा, मीही करायचो. आठव्या दिवशी सुनेसमोर अख्खी बाराखडी, म्हणजे ए टू झेड, झोकात म्हणून दाखवली. ती माझ्याकडे, सातपूरला ग्रीकमध्ये पत्ता विचारणाऱ्याकडे बघावं तशी बघत राहिली. आपल्याकडची अक्षरं दोन्ही हातांनी करतात. आठ दिवस माझा डावा हात खिशात बसून होता.

मग दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राचा शब्दकोश सापडला, तोही व्हिडिओंचाच. २०१८ साली त्यात ३,००० शब्द होते, २०२१ मध्ये १०,००० झाले. म्हणजे मी सुरुवात करण्याआधीच भाषा सात हजार शब्द पुढे पळालेली. कॅशियरच तो, लगेच हिशेब केला : रोज पाच शब्द म्हटले तरी साडेपाच वर्षं. सत्तरीला टेकता टेकता मी सुनेशी गप्पा मारू शकलो असतो.

व्याकरणात मात्र मला घबाड मिळालं. या भाषेत प्रश्नाचा शब्द शेवटी येतो. इंग्रजीवाल्यांना त्याचा घाम फुटत असेल, आपण जन्मापासून "तुझं नाव काय?" असंच विचारतो. दोन दिवस मी कॉलर ताठ करून हिंडलो. तिसऱ्या दिवशी चेहरा आडवा आला. साधा हो-नाहीचा प्रश्न विचारायचा तर भुवया वर न्याव्या लागतात. 'वाईट' आणि 'भयंकर वाईट' यांत हात तोच, फरक सगळा तोंडावर. मी बाथरूमच्या आरशासमोर भुवया उचलायचा सराव करू लागलो. कपाळ गंजलेल्या शटरसारखं. हिने बाहेरून विचारलं, "अहो, दाढ दुखतेय का?"

सराव म्हटला की माणूस जागा बघत नाही. निमाणीहून नाशिकरोडच्या बसमध्ये बसलो होतो, द्वारका चौकात नेहमीप्रमाणे सगळं ठप्प. वेळ सत्कारणी लावावा म्हणून मनाशी उजळणी सुरू केली. 'बाई' म्हणजे नाकाशी, चमकी असते तिथे बोट. 'पुरुष' म्हणजे मिशीला पीळ. बाई, पुरुष. बाई, पुरुष. आठ-दहा वेळा झाल्यावर वर बघतो तर समोरच्या सीटवरच्या बाई माझ्याकडे रोखून बघताहेत. आणि मी, मिशी नसलेला, चौसष्ट वर्षांचा गृहस्थ, त्यांच्या नाकासमोर नसलेल्या मिशीला पीळ देतोय. "सराव करतोय," मी म्हणालो. ते अधिकच वाईट वाटलं. त्या उठून कंडक्टरशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. मी शालिमारपासून काढलेलं तिकीट वाया घालवून... नाही, निमाणीपासूनचं, त्या क्षणी मला स्टॉपही आठवत नव्हते. उतरलो एवढं खरं.

खरा प्रसंग रविवारचा. सुनेने मिसळ केली होती. काळ्या मसाल्याची, वर पापड, बाजूला दही. पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं, म्हणजे उत्तम जमली होती. तिने अंगठा वर केला आणि भुवया उचलल्या. चांगली झालीय का? मला कळलं! अख्खं वाक्य, कुणी न सांगता. मी अंगठा वर करणार एवढ्यात वयपरत्वे दुसरी निकड आली. तोंडात पाव, बोलायची सोय नाही. समोर खुणांचीच भाषा चाललेली, म्हणून शाळेत चार वर्षं गुरुजींना दाखवली तीच खूण बिनदिक्कत केली. करंगळी वर.

आता, या भाषेत अंगठा म्हणजे चांगलं, हे मला पाठ होतं. करंगळी म्हणजे वाईट, हा शब्द पुढच्या आठवड्यातल्या पाचांत होता.

ती करंगळीकडे बघत राहिली, मग वाटीकडे. मला वाटलं, समजलं नाही. म्हणून करंगळी आणखी वर नेली. निकड वाढली होती. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ आवळले गेले, भुवया एकमेकींना भिडल्या. चौतीस वर्षांत प्रथमच माझा चेहरा संपूर्ण, खणखणीत, व्याकरणशुद्ध हलला.

"मामा," भाचा चमचा खाली ठेवत म्हणाला, "मिसळ भयंकर वाईट झालीय असं सांगताय तुम्ही तिला."

मी हातवारे करतच पळालो. परत आलो तर दोघं पोट धरून हसत होती, आणि माझ्या वाटीत आणखी तर्री ओतलेली होती.

कर्णबधिर लोकांत प्रत्येक माणसाला एक खुणेचं नाव मिळतं, आणि ते आपण ठेवायचं नसतं, त्यांनी द्यायचं असतं. हिला दोन दिवसांत मिळालं होतं, कपाळावरच्या ठसठशीत कुंकवाचं. माझं महिनाभर लटकलेलं. मी आशेने केसांवरून हात फिरवत बसायचो; या वयात एवढे शाबूत केस कुणाला असतात? त्या रविवारी संध्याकाळी ते मंजूर झालं. करंगळी वर, आणि तोंड असं वाकडं.

हिने आजवर एकही साइन शिकलेली नाही. ही एक तेवढी आली. सकाळी चहा झाला की स्वयंपाकघराच्या दारातून मला तशीच हाक मारते.