चॅलेंजरला ‘मुखवटा’ म्हणणाऱ्यांना

डॉज चॅलेंजर या अमेरिकी गाडीचं उत्पादन डिसेंबर 2023 मध्ये थांबलं, पण तिच्याविषयीचा एक दावा अजून हातोहात फिरतोच आहे. दावा थोडक्यात असा: ‘2008 साली आलेली चॅलेंजर म्हणजे सेडानला घातलेला 1970 च्या मूळ चॅलेंजरचा मुखवटा. खरी मसल कार 1974 ला संपली. नवीत ती ताकद नाही, तो जीव नाही. पन्नाशीतल्या माणसांना त्यांचं तरुणपण विकायचा धंदा आहे हा.’ मला ही गाडी मनापासून आवडते, हे आधीच सांगतो. पण आवड बाजूला ठेवून एकेक मुद्दा तपासला, तरी या दाव्यात फार थोडं उरतं.

‘खाली सेडान आहे’ हे खरंच आहे. क्रायस्लर 300 आणि डॉज चार्जर या चार दारांच्या गाड्यांचा सांगाडा घेतला, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 4 इंचांनी कमी केलं आणि त्यावर दोन दारांची बॉडी चढवली. पण यात लाजण्यासारखं काय आहे? मसल कार हा प्रकार जन्मालाच असा आला. 1964 ची पॉन्टिॲक जीटीओ म्हणजे टेम्पेस्ट या घरगुती गाडीत मोठं इंजिन बसवून दिलेलं पॅकेज. त्याच वर्षी आलेली मस्टँग साध्या फोर्ड फाल्कनच्या भागांवर उभी राहिली. पगारदार माणसाला झेपेल अशा गाडीत दणकट इंजिन घालायचं, हीच मूळ कल्पना. त्यासाठी वेगळा, महागडा सांगाडा बनवत बसले असते तर ती गाडी पगारदाराच्या हाताबाहेर गेली असती. शिवाय 2008 मध्ये खाली जे आलं ते जुन्यापेक्षा कितीतरी सरस होतं. 1970 च्या चॅलेंजरला मागे अखंड ॲक्सल आणि कमानपाटे होते, आपल्याकडच्या ट्रकला असतात तसे. चारही चाकांना ड्रम ब्रेक. पुढे डिस्क हवे असतील तर वेगळे पैसे. नवीची मागची चाकं पहिल्या दिवसापासून स्वतंत्र सस्पेन्शनवर होती. मस्टँगच्या सगळ्या गाड्यांना ते मिळायला 2015 उजाडावं लागलं.

ताकदीचा मुद्दा मात्र मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो कागदावर पटतो. 1970 मध्ये 426 हेमी, म्हणजे जवळपास 7 लिटरचं इंजिन: 425 एचपी. 2008 च्या एसआरटी-8 या जोरकस चॅलेंजरमध्ये 6.1 लिटरचं हेमी: तेही 425 एचपी. ‘अडतीस वर्षांत एक घोडा वाढला नाही’ असं मग छातीठोकपणे सांगितलं जातं. पण हे दोन आकडे एका मापाचे नाहीत. जुना आकडा ‘ग्रॉस’. इंजिन स्टँडवर ठेवायचं, एअर क्लीनर काढायचा, पंखा आणि अल्टरनेटर जोडायचे नाहीत, सायलेन्सरची अडचण ठेवायची नाही, आणि मग मोजायचं. अमेरिकी कंपन्यांनी 1972 पासून ‘नेट’ माप घेतलं: इंजिन गाडीत असतं तसं, सगळा लवाजमा जोडून. जुन्या हेमीला या तराजूत टाकलं तर काटा 425 च्या बराच खाली थांबतो. तेव्हा 425 ला 425 लिहून जी बरोबरी दाखवली जाते, ती मुळात बरोबरी नाहीच. नवी गाडी लहान इंजिनातून जास्त देते. आणि हे 2008 चं. 2015 च्या हेलकॅट या चॅलेंजरमध्ये 707 एचपी होते, तेही नेट.

डेट्रॉईटजवळ वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. तिथे मी ही दोन्ही इंजिनं शेजारी-शेजारी पाहिली आहेत. जुन्याचा ब्लॉक नारिंगी, वरची काळी झाकणं एवढी रुंद की स्पार्क प्लगच्या वायरी त्यांच्या आतच शिरतात. नव्याचे एका सिलिंडरला दोन, असे एकूण सोळा प्लग. जुन्या गाडीच्या मालकाने नवीच्या बॉनेटखाली बराच वेळ डोकं घातलं होतं. मुखवटा बघायला कुणी एवढा वेळ वाकून उभं राहत नाही.

आता ‘आठवणींचा धंदा’. आठवणींवर गाडी किती दिवस चालते, हे फोर्डला विचारावं. 2002 मध्ये त्यांनी 1955 च्या वळणाची थंडरबर्ड आणली. दिसायला सुरेख. सुरुवातीला झुंबड, आणि 2005 ला कारभार आटोपला. चॅलेंजर पंधरा वर्षांहून अधिक टिकली, म्हणजे मूळ 1970 ते 1974 च्या गाडीच्या तिप्पट. 2021 मध्ये, बाजारात येऊन तेरा वर्षं झाल्यावर, अमेरिकेत ती 54 हजारांहून जास्त विकली गेली. त्या वर्षी मस्टँगही तिच्या मागे होती आणि शेवरोलेची कॅमॅरो तर निम्म्यावरही नव्हती. 1974 मध्ये वीस वर्षांचा असलेला माणूस 2021 मध्ये सदुसष्टचा. एवढा सगळा खप त्याच्या एकट्याच्या आठवणींवर झाला, हे मला पटत नाही.

नुसतं नाव विकण्याचा प्रकार या गाडीच्या इतिहासात खरंच झाला आहे, पण तो 1978 ते 1983 मध्ये. तेव्हा चार सिलिंडरची एक मित्सुबिशी ‘चॅलेंजर’ म्हणून विकली जात होती. मुखवटा हा शब्द त्या गाडीसाठी राखून ठेवावा.

वजनाबद्दल वाद नाही. एसआरटी-8 जवळपास 1,900 किलोची होती आणि घाटात ते जाणवेल. 2008 मध्ये ती फक्त ऑटोमॅटिक मिळायची, हीसुद्धा चूक होती. पुढच्या वर्षी सहा गिअरचा मॅन्युअल देऊन ती सुधारली.

आणि खरोखर दुखणारी एक गोष्ट दावा करणाऱ्यांच्या लक्षातच आलेली नाही. जुन्या हार्डटॉपच्या, म्हणजे पक्क्या छताच्या चॅलेंजरच्या, पुढच्या-मागच्या काचा खाली केल्या की मधे खांब नसायचा. खांद्याजवळून थेट मागच्या कोपऱ्यापर्यंत मोकळी हवा. जानेवारी 2006 मध्ये डेट्रॉईटच्या प्रदर्शनात दाखवलेल्या नमुन्यातही ते जपलं होतं. कारखान्यातून आलेल्या गाडीत मात्र काचेमागे काळा खांब आला, आणि मागची काच उघडतच नाही.