न्यायाधीश बोलेल तो कायदा? इंग्लंडमध्येही नाही

कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर सतत फिरतो: "इंग्लंडमध्ये कायदा लिहिलेलाच नाही. न्यायाधीश बोलेल तो कायदा. वरच्या कोर्टाने निकाल दिला की त्यातला शब्द न् शब्द खालच्यांवर बंधनकारक, आणि तो पुढे कोणालाच बदलता येत नाही." परीक्षेला बसणारी मुलं हे पाठ करतात, म्हणून हा प्रतिवाद.

पहिलं वाक्य लगेच निकालात काढता येतं. इंग्लंडला एकसंध लिखित संविधान नाही, एवढंच खरं. चोरीची व्याख्या 1968 च्या थेफ्ट ॲक्टमध्ये लिहिलेली आहे. खुनाची मात्र आजही कॉमन लॉमधून, म्हणजे न्यायाधीशांच्या निकालांतून घडलेल्या कायद्यातून, येते. दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी नांदतात.

"न्यायाधीश बोलेल तो कायदा" म्हणणाऱ्यांनी बर्मा ऑइलचा खटला पाहावा. दुसऱ्या महायुद्धात तेलसाठे जपान्यांच्या हाती पडू नयेत म्हणून ब्रिटिश फौजेने ब्रह्मदेशातली कंपनीची मालमत्ता नष्ट केली. सरकारने भरपाई दिली पाहिजे, असा कौल हाउस ऑफ लॉर्ड्सने दिला (संसदेचं हे वरचं सभागृह 2009 पर्यंत देशाचं सर्वोच्च न्यायालयही होतं). संसदेने 1965 मध्ये वॉर डॅमेज ॲक्ट करून तो पुसून टाकला, तोही पूर्वलक्षी प्रभावाने. कंपनीला भरपाई मिळाली नाही. संसदेच्या कायद्यापुढे पूर्वनिर्णय टिकत नाही.

आता "शब्द न् शब्द". सगळ्यात जास्त नुकसान हा समज करतो. निकालपत्र शंभर पानांचं असेल, पण बंधनकारक असतो तो फक्त रेशो, म्हणजे ज्या कायदेशीर कारणावर निकाल उभा आहे ते कारण. बाकीचं सगळं ऑबिटर, ओघात आलेलं.

आणि रेशो निकालपत्रात अधोरेखित करून दिलेला नसतो. 1928 मध्ये पेझली गावच्या कॅफेत एका बाईच्या जिंजर बिअरच्या बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाली, अशी तिची तक्रार होती. बाटली विकत घेतली होती मैत्रिणीने, त्यामुळे तिचा स्वतःचा कोणाशीच करार नव्हता. तरीही उत्पादकाने ग्राहकाची काळजी घेतली पाहिजे, असं 1932 मध्ये लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं. खटला स्कॉटलंडचा, पण हेच तत्त्व इंग्लंडलाही लागू धरलं गेलं. मग रेशो कोणता? फक्त गोगलगायीपुरता? फक्त पेयांपुरता? 1935 मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेल्या अपिलात प्रिव्ही कौन्सिलने (वसाहतींची अपिलं ऐकणाऱ्या लंडनमधल्या पीठाने) तेच तत्त्व लोकरीच्या अंतर्वस्त्रांना लावलं. त्यांत राहिलेल्या रसायनामुळे घालणाऱ्याला त्वचारोग झाला होता. आधीच्या निकालाची व्याप्ती नंतरचे न्यायाधीश अशी ठरवत जातात. आणि वस्तुस्थितीतला फरक दाखवता आला, तर खालचं कोर्टही आधीचा निकाल 'इथे लागू नाही' म्हणू शकतं. इंग्लिश वकिलाचं निम्मं कौशल्य इथेच खर्ची पडतं.

ऑबिटर मात्र टाकाऊ समजू नका. 1963 च्या हेडली बर्न खटल्यात बँकेने सल्ला देतानाच जबाबदारी नाकारलेली असल्यामुळे ती सुटली. तरीही निष्काळजी सल्ल्यामुळे झालेल्या आर्थिक नुकसानीबद्दल लॉर्ड्स तिथे जे बोलून गेले, त्यावर पुढचा सगळा कायदा उभा राहिला.

"बदलता येत नाही" हे एके काळी खरं होतं, हे मान्य करतो. स्वतःचे निकाल स्वतःवर बंधनकारक आहेत, असं लॉर्ड्सने 1898 मध्ये ठरवून घेतलं होतं. 26 जुलै 1966 ला लॉर्ड चॅन्सेलर गार्डिनर यांनी निवेदन वाचून ती गाठ सोडवली. तुटलेल्या कुंपणातून विजेच्या रेल्वेरुळावर गेलेला सहा वर्षांचा एक मुलगा भाजला होता. परवानगीविना आत शिरलेल्याबद्दल मालकाची जबाबदारी जवळपास शून्य मानणारा 1929 चा निकाल त्याच्या आड येत होता. 1972 मध्ये लॉर्ड्सने तो बाजूला सारला. गुन्ह्याच्या प्रयत्नाबद्दलचा 1985 चा निकाल तर त्यांनी साधारण वर्षभरात फिरवला, आणि आधीच्या बहुमतात असलेल्या लॉर्ड ब्रिज यांनी स्वतः चूक कबूल केली. असं निकालपत्र मला फार मोलाचं वाटतं. 2009 पासून लॉर्ड्सच्या जागी आलेल्या सुप्रीम कोर्टालाही हीच मुभा आहे.

ही मुभा फक्त शिखराला. त्याखालचं कोर्ट ऑफ अपील 1944 पासून स्वतःच्या निकालांनी बांधलेलं आहे, मोजके अपवाद सोडून: स्वतःचेच दोन निकाल परस्परविरोधी असणं, वरच्या कोर्टाच्या निकालाशी विसंगती, किंवा लागू कायदा नजरेआड झालेला असणं. या कोर्टाचे तेव्हाचे प्रमुख लॉर्ड डेनिंग यांनी 1977 मध्ये, घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रीच्या खटल्यात, हे बंधन झुगारायचा प्रयत्न केला. स्त्रीला संरक्षण मिळालं पाहिजे हे लॉर्ड्सला पटलं, डेनिंग यांचा मार्ग पटला नाही. हायकोर्टाचे न्यायाधीश एकमेकांना मान देतात, पण बांधील नसतात. काउंटी कोर्टाचा निकाल तर कोणालाच पूर्वनिर्णय म्हणून बांधत नाही.

आपल्याकडे गोंधळ होतो तो प्रिव्ही कौन्सिलमुळे. मुंबई हायकोर्टाची अपिलं 1949 पर्यंत तिकडे जात, म्हणून तेच इंग्लंडचं सर्वोच्च न्यायालय असावं असं वाटतं. प्रत्यक्षात ते वसाहतींच्या अपिलांचं पीठ होतं. त्याचे निकाल इंग्लंडच्या कोर्टांना बांधत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये पुन्हा सांगितलं. मात्र इंग्लिश कायद्याचाच प्रश्न समोर असेल आणि कौन्सिलने स्वतः तसा निर्देश दिला असेल, तर त्याचा निकाल इंग्लंडमध्येही पाळावा लागतो.